प्रस्ताव मागवू नका, पाहायला या

दर वर्षी १२ ऑगस्टला महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, नव्या पुस्तकांचं प्रदर्शन लागतं, ग्रंथपाल दिनाची चार भाषणं होतात. रंगनाथन यांच्या नावाने महाराष्ट्र शासन उत्कृष्ट ग्रंथालय कार्यकर्ता आणि सेवक यांना पुरस्कार देतं. उत्कृष्ट ग्रंथालयांसाठीचा पुरस्कार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने आहे. मात्र हे दोन्ही पुरस्कार सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहेत. महाविद्यालयाचा ग्रंथपाल त्यांत बसत नाही. मग त्याचं काम उत्तम आहे हे ठरवायचं कोणी, कशावरून, आणि ठरलंच तर त्याचा मान कसा करायचा?

मुखेडमध्ये हा प्रश्न जास्त जवळचा वाटतो. नांदेड जिल्ह्याचा हा तालुका लातूर जिल्ह्याला लागून आहे. कोरडवाहू शेती, वाड्या-तांडे, हंगाम आला की ऊसतोडीला आणि एरवी मोठ्या शहरांत कामाला जाणारी कुटुंबं. इथल्या महाविद्यालयांत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकापलीकडचं पुस्तकच नसतं. अशा मुलाला हवं ते पुस्तक पहिल्यांदा हातात देणारा माणूस बहुतेक वेळा ग्रंथपाल असतो.

खालच्या संवादातले मामा आणि भाची ही कोणी विशिष्ट माणसं नाहीत. या पेशातल्या दोन पिढ्यांच्या दोन भूमिका इथे समोरासमोर आणल्या आहेत. मामा महाविद्यालयाच्या ग्रंथपालपदावरून निवृत्त झालेले. भाची ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन, सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन तात्पुरत्या नेमणुकीवर काम करणारी.

भाची : मामा, पुरस्कारांचा विषय निघाला की तुम्ही हात झटकता. मला ते पटत नाही. चांगल्या शिक्षकाचा सत्कार होतो, चांगल्या खेळाडूचा होतो. ग्रंथपालाने काय पाप केलंय?

मामा : पाप नाही गं. पण पुरस्कार कसे मिळतात ते मी पाहिलंय. आधी जाहिरात येते. मग प्रस्ताव करायचा, तोही स्वतःच. कार्यक्रमांचे फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं, मान्यवरांची शिफारसपत्रं, सगळं एका फाइलीत लावायचं. ज्याची फाइल जाड त्याचं नाव पुढे. जो दिवसभर काउंटरवर उभा असतो, त्याच्याकडे फाइल करायला वेळ नसतो. त्यामुळे उत्तम काम करणारा मागे राहतो आणि उत्तम फाइल करणारा शाल-श्रीफळ घेऊन येतो.

भाची : ही तक्रार निवडीच्या पद्धतीबद्दल झाली. पुरस्कार नकोच, असं त्यातून कसं निघतं?

मामा : आणखी एक कारण आहे. ग्रंथपालाचं काम वाचकात जिरतं. मुलाला पुस्तक मिळालं, त्याचं भागलं, तो पुढे गेला. पुस्तक त्याच्या लक्षात राहावं. देणाऱ्याचं नाव राहिलं नाही तरी चालतं.

भाची : तुम्हाला चालतं मामा, पेशाला चालत नाही. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षं रिकामी आहे. किल्ली लिपिकाकडे किंवा परिचराकडे. संस्थेला विचारलं तर म्हणतात, पुस्तकांची देवघेव चालू आहे की! हे असं का म्हणता येतं? कारण चांगला ग्रंथपाल नेमकं काय करतो, हे कोणाला माहीतच नाही. जे काम कोणी ओळखत नाही, त्याच्यावाचून अडतं हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

मामा : जागा रिकाम्या राहतात त्या शासनाच्या मान्यतेवाचून आणि पैशावाचून. पुरस्कार दिल्याने भरतीची जाहिरात निघत नाही.

भाची : लगेच निघत नाही, मान्य. पण रंगनाथन यांचंच घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये ग्रंथालय समिती नेमली, तिचे अध्यक्ष रंगनाथन होते. ग्रंथालयातल्या व्यावसायिक माणसांना अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा आणि वेतन द्या, अशी शिफारस त्या समितीने केली. आज महाविद्यालयाचा ग्रंथपाल सहायक प्राध्यापकाच्याच वेतनस्तरावर लागतो, तो त्याच विचारामुळे. त्याच १९५७ साली रंगनाथन यांना पद्मश्री मिळाली होती. ज्या माणसाचं काम देशाने ओळखलं होतं, त्याच्या शब्दाला वजन आलं. ओळख ही अशी सगळ्यांच्या उपयोगी पडते.

मामा : रंगनाथन यांचं नाव घेतलंस तर पूर्ण घे. गणित शिकवणारा माणूस, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा पहिला ग्रंथपाल झाला. सुरुवातीला त्यांना त्या कामात करमेना, परत शिकवायला जावंसं वाटत होतं. मग विद्यापीठाने त्यांना इंग्लंडला पाठवलं. तिथली ग्रंथालयं पाहून आले आणि या कामात जे रुजले ते कायमचे. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत, १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण. पद्मश्री आली ती काम सुरू केल्यानंतर तेहतीस वर्षांनी. आधी काम, मग मान. आणि त्यांनी स्वतःच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. मानाच्या मागे लागलेल्या माणसाची ही रीत नव्हे.

भाची : मानाच्या मागे लागा असं मी म्हणतच नाही. मी म्हणते, बघणाऱ्यांनी बघावं. आणि सध्या काय बघितलं जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. पदोन्नतीसाठी आयोगाचा २०१८ चा विनियम आहे. त्यात ग्रंथपालाची हजेरी ९० टक्के किंवा जास्त असली तर शेरा चांगला, ८० च्या खाली गेली तर असमाधानकारक. चर्चासत्रं किती घेतली, संगणकीकरण झालं का, पुस्तकांची पडताळणी केली का, गहाळ पुस्तकांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत आहे का...

मामा : थांब, इथेच थांब. या गहाळ पुस्तकांचंच सांगतो. आपल्याकडे दिवाळी झाली की मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात. परीक्षा पुढे असते. मुलगा काउंटरवर येऊन विचारतो, ‘सर, पुस्तकं कारखान्यावर नेऊ का? परीक्षेला आलो की देतो.’ नियम सात दिवसांचा. आता ग्रंथपालाने काय करावं? नियमावर बोट ठेवलं तर पुस्तक कपाटात सुरक्षित राहतं, पडताळणी स्वच्छ निघते, शेरा चांगला मिळतो. आणि मुलगा कोऱ्या डोक्याने परीक्षेला बसतो, नाहीतर बसतच नाही.

भाची : आणि दिलं तर?

मामा : दिलं तर पाचातली चार परत येतात. पानं दुमडलेली, कव्हरला उसाच्या चिपाडाची धूळ बसलेली, पण येतात. एखादं येत नाही. ते गहाळ पुस्तकांत जमा होतं आणि उत्तर ग्रंथपालाला द्यावं लागतं. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा रंगनाथन यांचा पहिला सिद्धांत. तो मनापासून पाळणाऱ्याच्या नावावर गहाळ पुस्तकं जास्त, आणि कपाटांना कुलूप लावून बसणाऱ्याचा हिशेब चोख. मग सांग, उत्कृष्ट कोण? तुझी पुरस्कारांची समिती कोणाला निवडेल?

भाची : तेच म्हणते मी! या मोजमापात वाचकांना प्रशिक्षण दिलं का, ई-साधनं लावली का, असंही विचारलेलं आहे, ते चांगलंच आहे. पण शेवटी वाचकाच्या पदरात काय पडलं, ते त्यात कुठे मोजलं जात नाही. उत्तम कामाची दुसरी पारख तयार केली नाही, तर हीच पारख कायम राहील. पुरस्कार म्हणजे एका माणसाचं कौतुक एवढंच नाही मामा. आपला पेशा कशाला उत्तम म्हणतो, ते जाहीरपणे सांगायची ती जागा आहे. ती जागा सोडून दिली तर हजेरीपट आणि पडताळणी यांनाच उत्तम म्हणायची वेळ येते.

मामा : हे बोललीस ते बरोबर आहे. पण वाचकाच्या पदरात काय पडलं, ते दाखवणार कसं? परीक्षेचा निकाल ग्रंथपालाचा नसतो. नोकरी लागली तर श्रेय मुलाचं आणि मास्तरांचं.

भाची : खुणा असतात. तुमच्याच ग्रंथालयात मी पाहिल्या आहेत. जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते ना? स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकावर शिक्क्यावर शिक्के उमटलेले, जांभळी शाई एकात एक मिसळलेली. एक चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवली, ती भरली म्हणून तिसरी. बोटाने दाबलं तर तो जाड थर हाताला लागतो. त्याच कपाटात एक जाडजूड संदर्भग्रंथ, मार्चअखेरीला अनुदान संपवायला घेतलेला. पान उघडताना बांधणी कुरकुरली. चिठ्ठीवर एकही शिक्का नाही. पुढच्या वर्षीची खरेदी पाहिली तर तुम्ही पहिल्या प्रकारची पुस्तकं वाढवलेली. पुस्तकाला वाचक मिळतो का, वाचकाला पुस्तक मिळतं का, हे दोन्ही सिद्धांत त्या चिठ्ठ्यांवर वाचता येतात. आता संगणकातून तो हिशेब एका मिनिटात निघतो. फक्त तो कोणी मागायला हवा.

मामा : आणि ज्या कामाचा शिक्का उमटत नाही त्याचं काय? अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून छोट्या महाविद्यालयालाही हजारो ई-नियतकालिकं मिळाली. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन लागतं, लॉगिनला ईमेल लागतो. तांड्यावरून आलेल्या मुलीकडे ईमेलच नसतो. फोन वडिलांचा, तो वडिलांबरोबर कामाला गेलेला. तिला शेजारी बसवून ईमेल उघडून द्यायचा, पासवर्ड वहीत लिहून घ्यायला लावायचा, पहिला लेख शोधून दाखवायचा, इंग्रजीतला सारांश समजावून सांगायचा. एका मुलीमागे तास जातो. आकडेवारीत काय दिसतं? एक वापरकर्ता वाढला.

भाची : म्हणून तर नुसत्या आकडेवारीवर निवड नको. ते काम ज्याने लिहून ठेवलं, ज्याच्या पद्धतीने देगलूरच्या, उदगीरच्या, कंधारच्या ग्रंथपालाला उद्या काम करता येईल, त्याला शोधायला हवं. आपल्या मुखेडचंच उदाहरण घ्या. डॉ. दिलीप पुंडे सर्पदंशाच्या रुग्णांवर इथे उपचार करत आले. रुग्णांच्या नोंदी नीट ठेवल्या आणि दहा वर्षांचा अनुभव २००५ मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये मांडला. तालुक्याच्या गावातलं काम देशाच्या डॉक्टरांपुढे गेलं ते लिहिल्यामुळे. ग्रंथपाल जन्मभर दुसऱ्यांच्या लेखनाची नोंद ठेवतो आणि स्वतःच्या कामाची एक ओळ लिहीत नाही. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथपाल डी. एन. मार्शल यांचं नाव आज का टिकून आहे? मुघलकाळाच्या इतिहासाची साधनं एकत्र करणारी संदर्भसूची त्यांनी केली, १९६७ मध्ये ती छापली गेली, म्हणून. शं. ग. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची केली, म्हणून आपण त्यांना विसरू शकत नाही.

मामा : मार्शल आणि दाते फार मोठी माणसं. पण सूची करणारा तेवढा मोठा आणि पुस्तक शोधून देणारा लहान, असं मी मानणार नाही. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे. बाबासाहेबांसारख्या वाचकाला त्यांनी ग्रंथपाल म्हणून साथ दिली. रेगे यांची थोरवी त्यांनी किती पानं लिहिली यावर मोजायची का? त्या वाचकाचा त्यांच्यावर विश्वास होता, हेच त्यांचं प्रमाणपत्र.

भाची : मग वाचकाचा शब्द हाच पुरावा धरू. लिहिलेलं कामही धरू. दोन्ही चालेल.

मामा : चालेल. पण अजून एक अडचण आहे. ग्रंथालय एकट्याने चालत नाही. पावसाळ्यात खालच्या फळीला ओल आली की पुस्तकं वर हलवतो परिचर. कोणतं पुस्तक कुठल्या मुलाकडे अडकलंय, ते देवघेवीच्या नोंदवहीपेक्षा त्याला आधी माहीत असतं. वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत उघडा राहतो तो त्याच्या जिवावर. सत्कार मात्र ग्रंथपालाचा. व्यासपीठावर मी, आणि खुर्च्या लावायला तो. हे मला कधीच पटणार नाही.

भाची : यावर तोड आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांची संघटना दोन वेगळे सन्मान देते. एक व्यक्तीला, ज्याने साऱ्या पेशाला पुढे नेलं. दुसरा अख्ख्या ग्रंथालयाला, तिथल्या सगळ्या माणसांसकट. त्या दुसऱ्यात तीन गट आहेत : दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सामुदायिक महाविद्यालयं, महाविद्यालयं आणि विद्यापीठं. छोट्या महाविद्यालयाची गाठ बड्या विद्यापीठाशी पडत नाही. वाटेल ते तिकडून उचलावं असं नाही, पण एवढं उचलण्यासारखं आहे. मुखेडच्या ग्रंथालयाची तुलना मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयाशी करूच नये. ज्याच्याकडे जेवढं होतं, त्यात त्याने वाचकाला काय दिलं, ते पाहावं.

मामा : तरी मी म्हणेन, आपल्याकडे ग्रंथपालाकडे ग्रंथपाल म्हणून पाहायची सवयच नाही. तामिळनाडूतले पालम कल्याणसुंदरम महाविद्यालयात ग्रंथपाल होते. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

भाची : मिळाली, समाजसेवेसाठी. पगार गरिबांसाठी दिला म्हणून. तो मान त्यांना शोभतोच. पण ग्रंथालयातल्या कामासाठी एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे देशाने तसंच पाहावं, अशी माझी इच्छा आहे. त्यागासाठी मान मिळतो. कौशल्यासाठी मिळायला नको का? आम्ही वर्गीकरण शिकतो, तालिकीकरण शिकतो, संदर्भसेवा शिकतो. ते शास्त्र आहे. भला माणूस म्हणून पाठ थोपटून घ्यायला आम्ही दोन पदव्या आणि सेट करत नाही.

मामा : हे मात्र मला मान्य. भला माणूस आणि चांगला ग्रंथपाल यांत फरक आहे, आणि तो फरक लोकांना समजला पाहिजे. बरं, तुझ्या हातात असतं तर तू काय केलं असतंस?

भाची : स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं क्षेत्र म्हणजे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. या चार जिल्ह्यांपुरतं बोलते. पहिली गोष्ट, ग्रंथपालाने स्वतः प्रस्ताव करायचा नाही. नाव सुचवायचं विद्यार्थ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी, संशोधकांनी आणि शेजारच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी. सुचवणाऱ्याने एका पानात एक घडलेली गोष्ट लिहायची : कोणतं पुस्तक, कोणती अडचण, ग्रंथपालाने काय केलं.

मामा : दुसरी मी सांगतो. समितीने न कळवता यावं. दुपारी तीन वाजता, परीक्षेच्या आधीच्या महिन्यात. वाचनकक्षात किती मुलं आहेत ते बघावं. एखाद्या मुलीला विचारावं, तुला हवं होतं ते मिळालं का? कपाटं उघडी आहेत की कुलूपबंद, ते बघावं. देवघेवीचा हिशेब मागावा आणि त्यावरून खरेदी बदलली का ते तपासावं. गहाळ पुस्तकांचा आकडा दिसला तर त्यामागचं कारण विचारावं, एवढ्यावरून बाद करू नये.

भाची : तिसरी, ग्रंथपालाने आपली एक तरी पद्धत दहा-पंधरा पानांत मराठीत लिहून द्यावी आणि विद्यापीठाने ती सगळ्या महाविद्यालयांना पाठवावी. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांना पुस्तकं कशी द्यायची, यावर मुखेडच्या ग्रंथपालाने लिहिलं तर ते बीडलाही उपयोगी पडेल.

मामा : चौथी, परिचराचं नाव मानपत्रावर ग्रंथपालाच्या खाली नको, शेजारी हवं. रक्कम असेल तर निम्मी माणसांना आणि निम्मी पुस्तकांना. ती पुस्तकं कोणती, ते मुलांना विचारून ठरवायचं.

भाची : आणि पाचवी, ज्या संस्थेने मान्यता मिळूनही ग्रंथपालाची जागा भरलेली नाही, तिला ग्रंथालयाचा सन्मान मिळणार नाही.

मामा : ही पाचवी अट पाळली गेली, तर मी पुरस्काराच्या बाजूने.

भाची : आणि न कळवता येणारी समिती आली नाही, तर मी विरोधात.

या दोघांचं पूर्ण एकमत झालं नाही, आणि ते होण्याची गरजही नाही. मामांची भीती खरी आहे : ग्रंथपालाचा मान फाइलीच्या जाडीवर ठरला, तर तो मान पेशाला उणेपणा आणतो. भाचीचं म्हणणंही तितकंच खरं आहे : ज्या कामाला कोणी नाव देत नाही, त्या कामाची जागा आधी रिकामी राहते आणि मग रद्द होते. माझ्या मते पुरस्कार द्यायला हवेत, पण मागवलेल्या प्रस्तावांवर नव्हे. समितीने ग्रंथालयात जाऊन पाहावं, वाचकांना विचारावं आणि मगच नाव ठरवावं. विद्यापीठाने, ग्रंथपालांच्या संघटनांनी आणि शिक्षणसंस्थांनी नवा सन्मान सुरू करावा, किंवा असलेल्या सन्मानांचे निकष बदलावेत. त्या निकषांत हजेरीच्या आधी वाचक यायला हवा.

तोवर वाचकाला एक गोष्ट आजच करता येईल. मुखेड, उदगीर, देगलूर, अहमदपूर, कुठल्याही महाविद्यालयात तुम्ही शिकला असाल आणि तिथल्या ग्रंथपालाने किंवा परिचराने तुमचं एखादं काम सोपं केलं असेल, तर पुस्तकाचं नाव, साल आणि घडलेली गोष्ट एका पानावर लिहा आणि ते पान त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पाठवा. ग्रंथपालाच्या उत्तम कामाचा पहिला पुरावा वाचकाकडे असतो. तो पुरावा आपण दिला नाही, तर दुसरं कोणी देणार नाही.